एस-कॉर्पच्या मालकिणीचा आरोग्य विमा

न्यू जर्सीत स्वतःची छोटी कंपनी चालवणारे माझ्या ओळखीचे बरेच मराठी लोक आरोग्य विम्याचा प्रीमियम घरच्या खात्यातून भरतात आणि त्यावर आयकरात एका डॉलरचीही वजावट घेत नाहीत. मालकाला ती मिळतच नाही, असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं. मिळते, पण त्यासाठी पैसा एका ठरलेल्या वाटेनंच जावा लागतो आणि ती वाट ३१ डिसेंबरला बंद होते. २०२३ साली मला हे सगळं पहिल्यांदा करावं लागलं. ज्यांच्यावर पुढेमागे ही वेळ येईल त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

माझी कंपनी म्हणजे मी एकटीच. इमारतींच्या हीटिंग-कूलिंगची ड्रॉइंग्ज करून आर्किटेक्ट मंडळींना देते. ग्रीनकार्ड आल्यावर नोकरी सोडून एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढली. काम बऱ्यापैकी मिळायला लागल्यावर फॉर्म २५५३ भरून तिला कराच्या दृष्टीनं एस-कॉर्प करून घेतलं. अशी कंपनी स्वतः फेडरल आयकर भरत नाही. नफा के-१ नावाच्या कागदावरून थेट मालकाच्या रिटर्नमध्ये येतो. मात्र मालक कंपनीत काम करत असेल तर त्यानं कामाला साजेसा पगार घ्यावाच लागतो. त्या पगारावर सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमा) मिळून कंपनीचा आणि स्वतःचा असा १५.३ टक्के कर लागतो, उरलेल्या नफ्यावर तो लागत नाही. मी महिना ७,००० डॉलर, म्हणजे वर्षाला ८४,००० पगार घेत होते.

विम्याचा विचार करायची तोवर गरज पडली नव्हती, कारण नवऱ्याच्या ऑफिसच्या विम्यात आम्ही तिघं होतो. २०२३ च्या जूनमध्ये त्याची नोकरी गेली आणि विमा ३० जूनपर्यंतच राहील असं पत्र आलं. कोब्रा घेऊन जुनाच विमा चालू ठेवता आला असता, पण त्यात कंपनीचा वाटाही आपणच भरायचा असतो आणि वर दोन टक्क्यांपर्यंत व्यवस्थापनाचा खर्च. तो आकडा बघूनच आम्ही तो विचार सोडला. माझ्या कंपनीच्या नावानं ग्रुप विमा मिळतो का म्हणून चौकशी केली, तर त्यासाठी मालक आणि त्याचा जोडीदार सोडून किमान एक कर्मचारी हवा. तो नव्हता. मग राज्याच्या गेटकव्हर्ड एनजे या बाजारातून माझ्या नावानं वैयक्तिक पॉलिसी घेतली. विमा सुटल्यापासून ६० दिवसांच्या आत ती घेता येते. प्रीमियम महिना १,४५० डॉलर. नवऱ्याचा सहा महिन्यांचा पगार आणि नोकरी सोडताना मिळालेली रक्कम धरून आमचं त्या वर्षीचं उत्पन्न दोन लाख दहा हजारांच्या घरात जात होतं, त्यामुळे सरकारी सवलत काही लागू झाली नाही. जुलैपासून मी घरच्या खात्यातून हप्ते भरायला सुरुवात केली.

ऑक्टोबरमध्ये वर्षअखेरच्या नियोजनासाठी आमच्या सीपीएंकडे, म्हणजे हिशेब-कर बघणाऱ्या सल्लागारांकडे, गेले. ते मूळचे नागपूरचे, बोलणं मोकळंढाकळं. मी प्रीमियमचा विषय काढल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, हप्ता कुठल्या खात्यातून जातो?" घरच्या, म्हटल्यावर म्हणाले, "मग डिसेंबर संपायच्या आत तो कंपनीचा खर्च करा. कंपनीचा खर्च झाला की तो तुमचा पगार होईल. पगार झाला की तुमच्या रिटर्नवर वजा होईल."

मी म्हटलं, "एवढा वळसा कशाला? कंपनीनं खर्च दाखवला, विषय संपला, असं का नाही?"

याचं उत्तर त्यांनी नीट समजावून दिलं. साध्या नोकरदाराचा प्रीमियम त्याच्या कंपनीनं भरला तर तो त्याच्या पगारात मोजलाच जात नाही. सी-कॉर्पोरेशनमध्ये, म्हणजे स्वतः आयकर भरणाऱ्या कंपनीत, काम करणाऱ्या मालकालाही हीच मुभा आहे. पण एस-कॉर्पमध्ये ज्याचे दोन टक्क्यांहून जास्त शेअर आहेत, त्याला अशा सोयींच्या बाबतीत कर्मचारी न मानता भागीदार मानायचं, असं १९८२ च्या कायद्यानं ठरवलं. ते कलम १३७२. भागीदाराला मिळालेली सोय म्हणजे त्याचं उत्पन्न. म्हणून प्रीमियम आधी पगारात दिसला पाहिजे. आणि स्वतःचा व्यवसाय असणाऱ्याला विम्याच्या वजावटीचा जो हक्क कलम १६२(एल) देतं, तो अशा मालकालाही दिलेला आहे. म्हणून तोच प्रीमियम रिटर्नवर पुन्हा वजा होतो.

वरवर पाहता हे या खिशातून त्या खिशात टाकल्यासारखं वाटतं. घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. सहा महिन्यांचे ८,७०० डॉलर. कंपनीनं ते पगारखर्चात धरले की नफा ८,७०० नं कमी, आणि माझा पगार ८,७०० नं जास्त. इथपर्यंत शून्य. त्यानंतर माझ्या रिटर्नवर ८,७०० ची वजावट आली की ती निव्वळ फायद्याची. आम्ही २२ टक्क्यांच्या पायरीवर होतो, म्हणजे फेडरल करातच १,९१४ डॉलर वाचणार. हेच हप्ते घरखर्च म्हणून ठेवले असते तर? तर ते वैद्यकीय खर्चात धरायचे, आणि तो खर्च समायोजित उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांपलीकडे जाईल तेवढाच मोजायचा. आमच्या बाबतीत ती रेषा १५,७५० डॉलरला होती. शिवाय त्या वर्षीची २७,७०० ची प्रमाणित वजावट सोडून तपशीलवार वजावटीकडे वळावं लागलं असतं. म्हणजे हाती काहीच नाही.

पण माझी खरी शंका निराळी होती. पॉलिसी माझ्या नावावर, कंपनीच्या नाही. ती चालेल का? याचा इतिहास वाचण्यासारखा आहे. २००६ च्या सुमारास आयआरएसची, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याची, भूमिका अशी होती की पॉलिसी मालकाच्या वैयक्तिक नावावर असेल तर ती कंपनीनं काढलेली योजना नव्हे, म्हणून ही वजावट नाही. अडचण अशी की अनेक राज्यांत एका माणसाच्या कंपनीला ग्रुप विमा विकत मिळतच नव्हता. नियम पाळायचा म्हटला तरी तो पाळण्याचा मार्ग नाही! शेवटी २००८ ची पहिली नोटीस निघाली आणि तिनं हा तिढा सोडवला. पॉलिसी मालकाच्या नावावर असली तरी चालेल. कंपनीनं हप्ता थेट भरावा किंवा पुरावा घेऊन त्याच वर्षात मालकाला परत करावा, ती रक्कम त्याच वर्षाच्या डब्ल्यू-२ मध्ये, म्हणजे पगाराच्या वार्षिक दाखल्यात, पगार म्हणून दाखवावी, आणि मालकानं ती आपल्या १०४० मध्ये, म्हणजे वैयक्तिक रिटर्नमध्ये, उत्पन्न म्हणून धरावी. मला वाटतं छोट्या कंपन्यांसाठी निघालेल्या सर्वांत उपयोगी कागदांपैकी हा एक असेल. तरीही तो माहीत असलेले फार थोडे लोक मला भेटले.

दुसरी धास्ती होती दंडाची. ओबामांच्या काळातला आरोग्य कायदा आल्यानंतर कंपनीनं कर्मचाऱ्याला त्याच्या वैयक्तिक पॉलिसीचे पैसे परत दिले तर माणशी दिवसाला १०० डॉलर दंड बसू शकतो, हे मी वाचलं आणि दोन रात्री नीट झोप लागली नाही. सीपीएंनी २०१५ ची सतरावी नोटीस दाखवली. दोन टक्क्यांहून जास्त शेअर असलेल्या मालकांच्या बाबतीत पुढची सूचना येईपर्यंत हा दंड लावणार नाही, असं त्यात म्हटलेलं आहे. शिवाय एकच कर्मचारी असलेल्या योजनेला ते नियम लागूच होत नाहीत. उद्या मी हाताखाली ड्राफ्ट्समन ठेवला तर मात्र त्याच्या वैयक्तिक पॉलिसीचे पैसे असे परस्पर देता येणार नाहीत. त्यासाठी छोट्या कंपन्यांची क्यूसेरा नावाची वेगळी योजना आहे, तिची २०२३ ची कुटुंबासाठीची मर्यादा ११,८०० डॉलर होती. आणि त्या योजनेत मालक स्वतः बसत नाही.

कागदपत्रांत एक ठराव करून ठेवा, असं त्यांनी बजावलं होतं. कारण असं: हा प्रीमियम आयकरासाठी पगार आहे, पण सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी तो पगार धरला जात नाही. अट एवढीच की तो कर्मचाऱ्यांसाठी किंवा त्यांच्या एखाद्या वर्गासाठी असलेल्या योजनेखाली दिलेला असावा. १९९२ च्या सोळाव्या जाहीरनाम्यात हे आयआरएसनं स्पष्ट केलेलं आहे. म्हणून कंपनीच्या ठरावांच्या वहीत मी एक पान लिहिलं: कंपनीच्या पदाधिकारी कर्मचाऱ्यांचा, त्यांच्या जोडीदाराचा व मुलांचा आरोग्य आणि दातांच्या विम्याचा हप्ता कंपनी भरेल किंवा पावती घेऊन परत करेल, योजना १ जुलै २०२३ पासून. "सर्व कर्मचारी" असं लिहू नका, "पदाधिकारी" हा वर्ग करा, असं त्यांनी मुद्दाम सांगितलं. नाहीतर पुढे ठेवलेल्या माणसालाही तेच देणं लागलं असतं आणि तो १०० डॉलरचा दंड पुन्हा समोर उभा राहिला असता. अध्यक्ष मी, सचिव मी, दोन्ही ठिकाणी माझीच सही. तारीख घातली, सहा हप्त्यांच्या पावत्या आणि बँकेच्या नोंदी मागे जोडल्या.

डिसेंबरचा हप्ता भरून झाल्यावर कंपनीच्या खात्यातून घरच्या खात्यात ८,७०० चा चेक दिला आणि पगाराचं काम बघणाऱ्या संस्थेला कळवलं की ही रक्कम एस-कॉर्प मालकाचा आरोग्य विमा म्हणून डब्ल्यू-२ मध्ये घाला. काम संपलं असं समजून मी डिसेंबरची पगारचिठ्ठी उघडली. दर महिन्याला सोशल सिक्युरिटीचे ४३४ डॉलर कापले जातात, तिथे ९७३.४० दिसत होते. मेडिकेअर १०१.५० असतं, ते २२७.६५. त्यांनी ती रक्कम सरळ बोनस म्हणून टाकली होती. माझे ६६५.५५ आणि कंपनीचे तेवढेच, म्हणजे १,३३१.१० डॉलर विनाकारण गेले असते. शेवटी कंपनीही माझीच, तेव्हा दोन्ही बाजूंचं नुकसान माझं.

फोन केला तर पलीकडचा मुलगा अतिशय नम्रपणे सांगायला लागला की सगळे मालक असंच करतात, तुम्हाला रिटर्नवर वजावट मिळेलच ना. हे उत्तर मला फार लागलं. रिटर्नवरची वजावट आयकर कमी करते. पगारातून गेलेला सोशल सिक्युरिटीचा कर तिनं परत येत नाही. त्याला हे सांगितलं, जाहीरनाम्याचा क्रमांक सांगितला, तरी तो म्हणे, सिस्टीममध्ये दुसरा पर्याय नाही. मी वरिष्ठांना जोडून द्यायला सांगितलं. त्या बाईंना मात्र दोन मिनिटांत कळलं. पर्याय होता, तो माझ्या खात्याला लावलेला नव्हता इतकंच. ठरावाची प्रत मागवून घेतली, आधीची नोंद रद्द केली आणि नवी चिठ्ठी पाठवली. त्यात ४३४, १०१.५० आणि खाली स्वतंत्र ओळीत विम्याचे ८,७००. वर्ष संपायच्या आत झालं म्हणून निभावलं. जानेवारीनंतर लक्षात आलं असतं तर पगारावरच्या करांचा तिमाहीचा फॉर्म ९४१ आणि डब्ल्यू-२ दोन्हींच्या दुरुस्त्या भराव्या लागल्या असत्या. डिसेंबरची पगारचिठ्ठी न उघडता फाइलला लावणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे: ती उघडा आणि हे दोन आकडे नोव्हेंबरच्या चिठ्ठीशी ताडून पहा.

जानेवारीत डब्ल्यू-२ आला. पहिल्या रकान्यात (आयकरासाठीचा पगार) ९२,७००, तिसऱ्या आणि पाचव्यात (सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठीचा पगार) ८४,०००, चौदाव्यात माहितीसाठी ८,७००. हे तीन आकडे असेच दिसले पाहिजेत. पहिला आणि पाचवा सारखा असेल तर एक तर प्रीमियम घातलाच नाही किंवा चुकीच्या पद्धतीनं घातला. मार्चमध्ये कंपनीचं रिटर्न, म्हणजे ११२०-एस, भरलं, त्यात ९२,७०० पदाधिकाऱ्यांच्या मोबदल्याच्या ओळीत गेले. एप्रिलच्या आमच्या रिटर्नमध्ये त्याच वर्षापासून आलेला फॉर्म ७२०६ भरून शेड्यूल १ च्या सतराव्या ओळीवर वजावट आली. न्यू जर्सीच्या रिटर्नवरही दोन टक्क्यांहून जास्त शेअर असलेल्या मालकाला ही वजावट आहे, राज्याच्या वैद्यकीय खर्चाच्या दोन टक्क्यांच्या अटीशिवाय. ती वेगळी मागावी लागते, आपोआप येत नाही.

त्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमांत हा विषय निघाला की सल्ल्यांचा पाऊस पडे. त्यातले दोन सांगितलेच पाहिजेत, कारण ते हुशार माणसांनी दिलेले होते. एक म्हणजे, नवऱ्याला कंपनीत नोकरीवर ठेव आणि विमा त्याच्या नावे घे, कर्मचारी म्हटल्यावर करमुक्त. एकट्याच्या मालकीच्या, कंपनी न केलेल्या व्यवसायात हे खरंच चालतं, सल्ला देणारा तसाच व्यवसाय करत होता. एस-कॉर्पमध्ये चालत नाही. पती-पत्नी, मुलं, आईवडील यांना एकमेकांचे शेअर आपलेच असल्यासारखे मोजले जातात. नवऱ्याच्या नावावर एकही शेअर नसला तरी कायद्याच्या दृष्टीनं तो माझ्याइतकाच मालक. दुसरा सल्ला म्हणजे पगार घेऊच नकोस, सगळा नफाच काढून घे. पगार न घेणं मुळातच जोखमीचं, आणि विम्याच्या बाबतीत तर सरळ तोट्याचं. ही वजावट त्या कंपनीतल्या आपल्या मेडिकेअर-पगाराइतकीच, म्हणजे पाचव्या रकान्याइतकीच मिळते. तिथे शून्य असेल तर वजावटही शून्य. एका ओळखीच्यांचं नेमकं हेच झालं होतं. वर्षभर भरलेल्या हप्त्यांपैकी काहीही धरता आलं नाही.

सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या तेव्हा त्यांच्यासाठी घेतलेला प्रवासी विमाही यात घालता येईल का, असं मी विचारून पाहिलं. येत नाही. वजावट स्वतःसाठी, जोडीदारासाठी, अवलंबितांसाठी आणि २७ वर्षांखालच्या मुलांसाठी. आणि भेटीला आलेले, इथले रहिवासी नसलेले आईवडील कराच्या भाषेत अवलंबित होत नाहीत. तो खर्च घरातूनच केला.

२०२४ ला प्रीमियम १,५२० झाला. या वेळी वर्षअखेरीची वाट न बघता कंपनीच्या कार्डावरून थेट हप्ता भरला आणि दर महिन्याच्या पगारात त्याची ओळ घातली. मार्चच्या शेवटी नवऱ्याला नोकरी लागली आणि १ एप्रिलपासून सगळ्या कुटुंबाला विमा मिळणार होता. इथे आणखी एक नियम आडवा येतो, तो महिन्यागणिक बघायचा असतो: ज्या महिन्यात जोडीदाराच्या कंपनीचा, तिनं वाटा उचललेला विमा आपल्याला मिळू शकतो, त्या महिन्यासाठी ही वजावट नाही. घेतला की नाही हा प्रश्नच नाही, मिळू शकत होता एवढं पुरे. मुलीचे दम्याचे डॉक्टर नवीन विमा घेत नव्हते, म्हणून आपलीच पॉलिसी चालू ठेवावी असं मला फार वाटत होतं. मुलीला त्या डॉक्टरांची सवय झालेली, ते तिला नीट समजून घ्यायचे. नवरा म्हणाला, "अगं, आधी आकडा तर काढ." उरलेल्या नऊ महिन्यांचे १३,६८० डॉलर वजावटीविना भरायचे, म्हणजे फेडरल करातच तीन हजारांहून थोडा जास्त फरक, हप्ते वेगळे. मी त्या डॉक्टरांच्या ऑफिसात फोन केला. त्यांच्याच ग्रुपमधल्या एक डॉक्टर नवा विमा घेत होत्या आणि मुलीची फाइल त्यांना बघता येणार होती. मुलीला विचारलं, ती हो म्हणाली. ३१ मार्चला आमची पॉलिसी बंद केली, ठरावाच्या वहीत तशी नोंद केली, आणि त्या वर्षीच्या डब्ल्यू-२ मध्ये पहिल्या तीन महिन्यांचे ४,५६० डॉलर दाखवले.